खिडक्या आणि विरजण

सबनीसांच्या घरात थंडी पाहुणी म्हणून येत नसे, भाडेकरू म्हणून येई. ऑक्टोबर संपता संपता बोजाबिस्तरा घेऊन हजर, आणि मार्च उलटला तरी हलायचं नाव नाही. अमेरिकेतल्या या रेडमंडमध्ये तशी हाडं गोठवणारी थंडी पडत नाही, हे कुमारराव येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. पण इथला पाऊस चिवट, दिवस तोंड दाखवून लगेच मावळणारा, आणि घर पन्नास वर्षांहून जुनं. खिडक्यांना अॅल्युमिनियमच्या चौकटी आणि एकेरी काच. थंडीत त्या काचांना आतून पाणी सुटायचं आणि खिडकीच्या कट्ट्यावर त्याचं तळं साचायचं. ते जुन्या टॉवेलनं टिपून घेणं हे मंजुषाबाईंचं सकाळचं पहिलं काम, चहाच्याही आधीचं.

ऑक्टोबर संपला की त्या आणखी दोन कामं करत. समोरच्या मोठ्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र होतं. त्याच्यावर चादर टाकून त्या खोलीचं दार लावून घेत. त्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं जवळजवळ भिंतभर खिडकी, त्यामुळे तिथला गारठा काही विचारू नये. दुसरं काम दह्याचं. उन्हाळाभर ओट्यावर लागणारं दही आता ओव्हनमध्ये जायचं. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा लावलेला. तेवढ्या उबेवर दही लागतं, हे अमेरिकेतल्या समस्त मराठी बायकांना ठाऊक आहे. कुमाररावांनाही ठाऊक होतं, तरी एकदा आत पातेलं आहे हे विसरून त्यांनी पिझ्झासाठी ओव्हन तापवला होता. त्या दह्याचं काय झालं ते विचारायची सोय नाही. घरात भांडण पेटलं की अजूनही तो पिझ्झा निघतो.

यंदा ऑक्टोबरात निघालं ते मात्र पिझ्झ्यापेक्षा मोठं होतं. त्यांची मुलगी आसावरी टेक्सासात अर्विंगला राहते. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आई, आमच्या मागच्याच स्ट्रीटवर एक घर निघतंय. सिंगल स्टोरी, छोटंसं. ओनर ओळखीचे आहेत, फेब्रुवारीत लिस्ट करणार आहेत. तुम्ही इंटरेस्टेड असाल तर आधी आपल्याला विचारतील."

"इथे काय वाईट चाललंय आमचं?" कुमारराव म्हणाले.

"बाबा, वाईट म्हणत नाहीये मी. पण आईकडे बघ ना. शी इज वेअरिंग टू स्वेटर्स इन्साइड द हाउस!"

कुमाररावांनी बघितलं. खरंच दोन होते, आणि वर शाल. मंजुषाबाई मूळच्या नागपूरच्या. बेचाळीस अंशांत लोणचं घालणाऱ्या घरातली ही मुलगी आपण या ओल्या गावात आणून ठेवली, हे कुमाररावांच्या मनाला अधूनमधून खायचं. कॉल संपल्यावर मंजुषाबाई सरळच म्हणाल्या, "मला जायचंय. माझी बोटं दुखतात हो. पाच महिने मी या घरात राहत नाही, नुसती दिवस काढते."

कुमारराव घाबरले. घाबरले हाच शब्द बरोबर आहे. या घरात त्यांची नोकरी सुरू झाली, या घरात मुलगी मोठी झाली, याच घरात ते गावातल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतून रिटायर होऊन आले, आणि आता अंगणातलं पेअरचं झाड, चालत जाता येणारी लायब्ररी आणि गुरुवारी चहाला येणारा रवींद्र, एवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं. अर्विंगला ते कोण? आसावरीचे बाबा. तेही वाईट नाही, पण तेवढंच असणं त्यांना पेलवेना.

म्हणून त्यांनी खिडक्या बदलणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं घरभर हिंडून मापं घेतली, गोड बोलला आणि कोटेशन ठेवून गेला. ते वाचून कुमाररावांना घाम फुटला. त्या घरात, त्या ऋतूत, घाम फुटायचा तो एकमेव प्रसंग.

मग दोन दिवस ते कॉम्प्युटरला चिकटून बसले आणि तिसऱ्या दिवशी विजयी चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आले. "मंजू, खिडक्या बदलायच्याच नाहीत. आतून जोडखिडकी बसवायची. लाकडी पट्ट्यांची चौकट करायची, तिला दोन्ही बाजूंनी पारदर्शक प्लास्टिक ताणून लावायचं, कडेनं फोमची पट्टी, आणि खिडकीत दाबून बसवायची. मध्ये हवा अडकते. तीच हवा थंडी अडवते. सगळ्या घराचा खर्च त्याच्या एका खिडकीएवढाही नाही."

"प्लास्टिक?" मंजुषाबाई पोळी उलटत म्हणाल्या. "आपण काय फ्रिजमधली कोथिंबीर आहोत?"

"घर गरम करून दाखवतो मी."

"आणि गरम झालं हे ठरवणार कोण? तुम्हाला हिमालयातही प्लेझंट वाटेल."

"थर्मोस्टॅट ठरवेल."

"तो हॉलवेत बसलेला असतो. त्याला काय कळतंय स्वयंपाकघरातलं?" मंजुषाबाईंनी गॅस बारीक केला आणि क्षणभर विचार केला. "दही ठरवेल. भोगीच्या दिवशी दही ओव्हनमध्ये न ठेवता, इथे ओट्यावर लागलं, तर मी अर्विंगचं नाव काढणार नाही. नाही लागलं, तर आसावरीला हो म्हणायचं. तोंड वाकडं न करता."

भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, ऐन जानेवारी. त्या दिवशी बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणि पानात दही, हा कुमाररावांच्या साताऱ्याकडचा शिरस्ता. तो मंजुषाबाईंनी सासूकडून उचलला आणि इतकी वर्षं सांभाळला. म्हणजे परीक्षेची तारीखसुद्धा नवऱ्याच्याच माहेरची, असं म्हणायला हरकत नाही. कुमारराव "डन" म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी गाडीच्या टपावर पाईनच्या पट्ट्या बांधून आणल्या गेल्या. गराजमधली गाडी पावसात गेली आणि तिच्या जागी करवत, स्क्रू, टेपचे गठ्ठे आणि कुमारराव आले. त्यांना फार आनंद झाला होता. रिटायर झाल्यापासून त्यांच्यावर कुणी डेडलाइन टाकली नव्हती.

आता सॉफ्टवेअरवाल्यांची एक खोड असते. एक गोष्ट एकदा चालली की ती जशीच्या तशी दुसरीकडे चिकटवायची. घरात मागच्या बाजूला चार खिडक्या सारख्या होत्या. बिल्डर एक, साल एक, खिडकीची कंपनी एक. कुमाररावांनी पहिली खिडकी नीट मोजली, चौकट केली, बसवून पाहिली. झकास बसली. मग त्याच मापानं त्यांनी एका दमात उरलेल्या तिन्ही चौकटी कापल्या, जोडल्या, आणि मंजुषाबाईंना बघायला बोलावलं.

दुसऱ्या खिडकीत चौकट शिरेचना. वरून शिरली तर खाली अडकली, खालून बसवली तर वर बोटभर उरली. तिसऱ्या खिडकीत ती इतकी सहज गेली की तशीच परत येऊन कुमाररावांच्या छातीवर टेकली. चौथीत एक कोपरा आत, एक बाहेर. कुमारराव चौकट धरून उभे, आणि दारात मंजुषाबाई पदर तोंडाला लावून हसताहेत. आधी हळू, मग पदर सोडून.

"अहो, घर म्हातारं झालंय," त्या म्हणाल्या. "म्हातारं झालं की प्रत्येक जण आपापल्या बाजूनं कलतो. आपल्या दोघांचे गुडघे तरी एका मापाचे आहेत का?"

कुमाररावांना राग आला, पण तो चौकटीवर काढता येत नव्हता आणि बायकोवर काढणं परवडणारं नव्हतं. ते गराजमध्ये जाऊन चौकटीचे स्क्रू उलटे फिरवत बसले. गुरुवारी रवींद्र आला. हा त्यांचा जुना मित्र, हाडांचा डॉक्टर, आता रिटायर. त्यानं चहा पीत त्या वाकड्या चौकटी बघितल्या आणि म्हणाला, "यार, पेशंट बघितल्याशिवाय प्लास्टर घातलंस तू." हा विनोद तो पुढे महिनाभर ज्याला त्याला सांगत होता.

मग मात्र कुमाररावांनी प्रत्येक खिडकी वर, मध्ये आणि खाली मोजली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजली, आणि ज्या खिडकीची चौकट तिचं नाव त्या लाकडावरच पेन्सिलीनं लिहिलं. काम हळू झालं, पण चौकटी बसू लागल्या. दाबून बसवताना फोम दबून जो हलकासा सुस्कारा टाकी, तो ऐकायला ते मुद्दाम कान जवळ नेत.

प्लास्टिक ताणायला मात्र एका माणसाचे हात पुरत नाहीत. एक टोक चिकटवावं तर दुसरं अंगाला येऊन चिकटतं. कुमारराव एकदा त्यात असे गुंडाळले गेले की त्यांना हाक मारावीच लागली. मंजुषाबाई हात पुसत आल्या, दुसरं टोक धरलं, आणि म्हणाल्या, "हे साडीच्या घडीसारखं आहे. तुम्ही तुमचं टोक सोडू नका, मी जवळ येते." चारी बाजू टेपवर बसल्यावर कुमाररावांनी त्यांचाच केस वाळवायचा ड्रायर लावला. सुरकुतलेलं प्लास्टिक गरम हवा लागताच ताणत गेलं, आणि बघता बघता सुरकुत्या नाहीशा होऊन समोर नुसतं अंगण उरलं. मंजुषाबाईंनी त्यावर टिचकी मारली. डफासारखा आवाज आला.

"परत करा बघू," त्या म्हणाल्या. "ड्रायर मी धरते."

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत मागच्या खोल्या झाल्या. सकाळचं टॉवेलचं काम निम्म्यावर आलं. समोरच्या खोलीची भिंतभर खिडकी तीन चौकटी करून झाकली. शेवटी स्वयंपाकघर. सिंकवरची सरकती खिडकी कुमाररावांनी मंजुषाबाई ग्रोसरीला गेल्या असताना बंद केली. आल्यावर चकित होतील, असा विचार. चौकट इतकी घट्ट बसली होती की त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली.

मंजुषाबाई चकित झाल्याच. संध्याकाळी त्यांनी वरणाला फोडणी करायला घेतली. तेल तापलं, मोहरी तडतडली, लाल मिरच्या पडल्या, आणि नेहमीच्या सवयीनं त्यांचा डावा हात खिडकी सरकवायला गेला. या घरात फोडणी म्हणजे उजव्या हातात पळी आणि डावा हात खिडकीवर. कारण छतावरचा स्मोक अलार्म मराठी स्वयंपाकाच्या बाबतीत फारच हळवा आहे. हात प्लास्टिकवर आपटला. मिरचीचा खकाणा उठला, ठसका लागला, वरून अलार्म किंचाळायला लागला. मंजुषाबाईंनी चौकट ओढली, ती हलेना. दुसऱ्यांदा ओढताना कोपर प्लास्टिकमधून आरपार गेलं.

कुमारराव धावत आले, तोवर मंजुषाबाई मागचं दार सताड उघडून पायरीवर पावसात उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते सगळंच मिरचीचं नव्हतं.

"मला घर गरम हवंय," त्या म्हणाल्या. "बंद नकोय. विचारायचं तरी होतं. माझी खिडकी होती ती."

कुमारराव आत गेले. ते स्टुलावर चढून अलार्मखाली वर्तमानपत्र हलवत राहिले. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. दोन महिने हे घर आपण दोघांसाठी वाचवतोय, असं ते धरून चालले होते. आणि ज्या बाईसाठी वाचवायचं, तिचा हात फोडणीच्या वेळी कुठे जातो हे त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. पहिली खिडकी मोजून बाकीच्या तशाच धरल्या, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात मोजपट्टी घेऊन आले आणि म्हणाले, "सांग. ही खिडकी तुला कशी हवी?"

मंजुषाबाईंनी जरा वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं. मग सांगितलं. एका हातानं निघाली पाहिजे, चटकन, आणि सिंकच्या बाजूला टेकवून ठेवता आली पाहिजे. म्हणजे चौकट अर्ध्याच खिडकीची हवी, हलकी हवी, आणि धरायला काहीतरी पाहिजे. "लाकडी मूठ नको, डोक्याला लागेल. कापडी बंद लावा." त्या कपाटाकडे गेल्या आणि एका विरलेल्या साडीचा काठ घेऊन आल्या. हिरवा, जरीची बारीक रेघ असलेला. "हा दुहेरी करून शिवला की मजबूत होईल. थांबा, मशिनवर मारून आणते."

बऱ्याच दिवसांत समोरच्या खोलीचं दार कुणी उघडलं नव्हतं. चौकटी बसवल्यावर कुमाररावांनी ते पुन्हा लावून घेतलं होतं, नेहमीप्रमाणे. मंजुषाबाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. डिसेंबर होता, आणि खोली उबदार होती. नागपूरसारखी नव्हे, पण बोटं चालतील इतकी. त्यांनी मशिनवरची चादर काढली, तेलाचे दोन थेंब सोडले, आणि बंद शिवायला घेतले.

बंद शिवायला कितीसा वेळ लागतो? पण दुपारचा चहा झाला तरी मशिनचा आवाज थांबेना. कुमारराव डोकावले तर मंजुषाबाई उशांचे अभ्रे दुरुस्त करत होत्या, आणि मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत होत्या. टपाल टाकणारी बाई येऊन गेली. समोरच्या घरातला म्हातारा रेनकोट घातलेल्या कुत्र्याला घेऊन निघाला. "त्याला कुत्रा कधी आला हो?" मंजुषाबाईंनी विचारलं. त्यांच्या अंगावर एकच स्वेटर होता. कुमाररावांनी ते बोलून दाखवलं नाही. शहाणपणा असा उशिरा का होईना येतो.

त्या दिवसापासून ते दार लागलं नाही.

स्वयंपाकघराची नवी चौकट हिरव्या बंदांसह बसली. फोडणी आली की मंजुषाबाई बंदाला धरून ती काढत, खिडकी सरकवत, काम झालं की परत दाबून बसवत. पण दह्याचं मात्र अजून जमत नव्हतं. नाताळच्या सुट्टीत रंगीत तालीम म्हणून त्यांनी ओट्यावर विरजण लावलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर पातेल्यात दूधच, जरासं आंबूस, चमच्याला तार सुटणारं. कुमाररावांचा चेहरा त्या दुधापेक्षा पातळ झाला. त्यांनी बाथरूमची राहिलेली खिडकी केली, मागच्या दाराच्या फटीला फोम लावला, गराजच्या दाराखाली ब्रश ठोकला. आता करण्यासारखं काही उरलं नाही, तरी ते हातात मोजपट्टी घेऊन घरभर हिंडत राहिले.

आणि भोगीच्या तोंडावरच पाऊस थांबला, आभाळ निवळलं आणि दव गोठवणारी कडाक्याची थंडी पडली. अंगणातलं पेअरचं झाड पांढरं झालं. आदल्या दुपारी मंजुषाबाईंनी दूध कोमट केलं, विरजण लावलं, पातेल्यावर झाकण घातलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. कुमारराव दर थोड्या वेळानं येऊन पातेल्याला बाहेरून हात लावत.

"हात लावू नका. हलवलं की दही लागत नाही."

"नुसतं बघतोय."

"बघायचं काय आहे? ते काय बाळंत होतंय? जा, तीळ भाजायचेत, ते निवडा."

कुमाररावांनी तीळ निवडले. अर्विंगच्या घराला पेअरचं झाड लावता येईल का, हेही त्यांनी गुपचूप इंटरनेटवर बघून घेतलं. हरायची तयारी त्यांनी केली होती. तोंड वाकडं करायचं नाही, असं कबूल केलं होतं ना.

भोगीच्या दिवशी भाकऱ्या झाल्या, भाजी झाली, पानं वाढली. आसावरीनं बरोबर जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल केला; तिलाही निकाल हवा होता. मंजुषाबाईंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पातेलं जवळ ओढलं. झाकण काढलं. पातेलं थोडं कलतं केलं. आतलं दही जागचं हललं नाही.

"लागलंय," मंजुषाबाई म्हणाल्या. डावाचं टोक आत घालून त्यांनी एक घट्ट पांढरी वडी उचलली. "अगदी कवडीसारखं."

"नो वे!" आसावरी ओरडली. "ओव्हनमध्ये नव्हतं ना? बाबा, यू डिड इट!"

 कुमाररावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि परत पुसला.

"मग फेब्रुवारीत येणार नाही तुम्ही?" आसावरी जराशी हिरमुसली होती.

"येऊ की," मंजुषाबाई म्हणाल्या. "चांगले महिनाभर येऊ. पण पाहुण्यासारखे. त्या घराचं तू त्यांना नाही म्हणून सांग."

कॉल संपला. दोघं जेवली. कुमाररावांनी दोनदा दही घेतलं, आणि तिसऱ्यांदा घ्यायला पातेलं खरवडलं तेव्हा डावाला काहीतरी लागलं. त्यांनी वर काढलं. हिरवी मिरची, देठासकट. तिच्यामागून दुसरी. आणखी खाली तिसरी.

"हे काय?"

मंजुषाबाई भाकरीचा तुकडा मोडत होत्या. "मिरच्या. देठाच्या मिरच्या घातल्या की गारठ्यातही दही लागतं. माझी आई घालायची."

"तालमीच्या वेळी घातल्या होत्यास?"

"नाही."

कुमाररावांनी मिरच्या पानाच्या कडेला ओळीनं मांडल्या. त्यांच्या डोक्यात हिशेब हळूहळू जुळत होता. "म्हणजे ही चीटिंग झाली."

"अट ओव्हनची होती. मिरच्यांबद्दल काही बोलणं झालं नव्हतं."

"पण मंजू, नुसतं खिडक्यांच्या जोरावरही लागलं असतं कदाचित. मी मागचं दार पण सील केलं होतं. तालमीपेक्षा आता घर..."

"लागलं असतं, नसतं लागलं, कोण जाणे," मंजुषाबाई म्हणाल्या आणि उठून ताट सिंकमध्ये ठेवलं. "मी कशाला चान्स घेऊ?"

हात धुऊन त्या समोरच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं मशिनचा आवाज सुरू झाला. कुमारराव एकटेच पानावर बसून होते. त्यांनी एक मिरची उचलली, दह्यात बुडवली आणि देठापर्यंत खाऊन टाकली. झणझणीत होती. डोळ्यांत पाणी आलं, तसे ते उठले, हिरव्या बंदाला धरून चौकट काढली आणि खिडकी थोडी सरकवली.